तारीख जुळली पाहिजे

गाडीच्या आधी जन्मलेला भाग चालतो,
नंतर जन्मलेला नाही.
सॅगिनॉच्या आमच्या गॅरेजात बापाने हे सांगितलं
तेव्हा मी हसले होते.

गाडी एकोणसत्तरची पॉन्टिअॅक.
एके काळी हिरवी, आता गंज सांगेल त्या रंगाची.
एप्रिलात कारखान्याबाहेर पडलेली,
आणि डाव्या बाजूचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड,
मधल्या कुण्या मालकाने बदललेला,
पोटावर ओतीव अक्षरांत जुलै मिरवत होता.
बारसं एप्रिलात, जन्म जुलैत!
बाप कपाळाला हात लावून स्टुलावर बसला.

ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी,
मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा.
पाढ्यांसारखं पाठ झालं मला.
ओहायोच्या चिखलातल्या जुन्या बाजारात
टेबलांवर वांग्यांसारखे मांडलेले स्टार्टर,
आणि बाप दातांचा ब्रश घेऊन
बैलाचे दात पाहावेत तसा
एकेका लोखंडाचं वंगण खरवडून वय वाचणारा.
पिकार्ड नावाच्या एकाने हवी तीच तारीख काढून दिली.
बापाने वरून बोट फिरवलं,
"आकडे फारच सरळ उभे आहेत," म्हणाला,
आणि कॉफीचे पैसे देऊन निघाला.

नवा मिळतो की, हुबेहूब, फोन केला तर घरपोच.
"हुबेहूब म्हणजे तो नव्हे."
चार वर्षं हे एकच वाक्य.

मग नेब्रास्का.
व्हर्ना ओस्टरगार्ड या बाईंच्या खुराड्याचं दार
वाऱ्याने आपटू नये म्हणून टेकवलेला,
कोंबड्यांची पांढरी नक्षी अंगावर घेतलेला :
सी, अकरा, नऊ.
मार्चची अकरा तारीख.
बाप गवतात गुडघे टेकून बसला, बराच वेळ.
मग उठून आमच्या ट्रकमधला जुलैवाला आणला
आणि दाराला टेकवला.
"हा जास्त जड आहे का?" बाईंनी विचारलं.
"तेवढाच."
"मग फरक काय दोन्हींत?"
"चार महिने," बाप म्हणाला.
बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि आम्हाला डझनभर अंडी बांधून दिली.

मला वाटलं, संपलं.
पण हिवाळ्यात इंजिनामागच्या पत्र्यावरचा
तिसरा थर खरवडताना
पिवळ्या खडूची एक खूण निघाली :
बरोबरची, शेपूट लांबलेली, घाईची.
तपासणाऱ्या कुणाची तरी.
तासाला पन्नास वेळा करत असेल तो ती,
डोळे पुढच्या गाडीवर, मन घड्याळावर.
फोटो काढला, माप घेतलं, पत्रा रंगला,
आणि खूण पुन्हा काढायची वेळ आली.

बापाने पुठ्ठ्यांवर सराव केला. जानेवारीभर.
शेपूट जुळेना.
"काळजी दिसते हिच्यात," म्हणायचा,
आणि पुठ्ठा शेगडीत टाकायचा.
हाताने इतकं जपून शिकलेलं सगळं
आता आड येत होतं.
रंगाचे ओघळ जमले त्याला,
कारखान्यातल्यासारखे, मुद्दाम ओघळू दिलेले.
बेफिकिरी जमेना.

फेब्रुवारीत एका रात्री मी इस्पितळातली पाळी संपवून आले,
पाय सुजलेले, बूट हातात.
गॅरेजात दिवा होता.
बापाने खडू पुढे केला, बोलला काहीच नाही.
मी वाकले, फराटा ओढला,
खडू बाकावर टाकला आणि दाराकडे वळले.

मागे शांतता.
मग ब्रश, फोटो, भिंग, सगळं एकेक खाली ठेवल्याचा आवाज.
"हा त्याचाच," बाप म्हणाला.
आणि जरा वेळाने,
गाडीकडेच पाहत,
"जेवलीस का?"