मुका बेडूक

डॉक्टरीणबाई, तो मायक्रोफोन पिशवीत ठेवा.
हा ओरडत नाही.
एवढ्या पाण्यापुढे ओरडून
ऐकणार कोण?

नऊ वर्षांनी चढतोय आपण ही घळ.
तेव्हा माझे गुडघे धड होते,
दर दगडाआड एक सापडायचा,
शेवाळातून वेगळा काढावा लागायचा.
मेल्यांनी तुमच्या पिशव्या कमी पाडल्या होत्या.

मग ते साल आलं.
उताणे, पांढऱ्या पोटांचे,
वाहत आले आमच्या कॉफीच्या मळ्यापर्यंत.
एलेउतेरियाने दोन दिवस
ओढ्याची घागर भरली नाही.
तुम्ही ओहाकाहून चिठ्ठी पाठवलीत: बुरशी.
आमच्या चिनान्तेक बोलीत
भाकरीवरच्या बुरशीला शब्द आहे,
डोंगरभर मरणाऱ्या बुरशीला नाही.

थांबा.
बॅटरी खाली धरा.
त्या नेच्याच्या पानामागे
गळा हलतोय.
हात आधी ओले करा,
तुम्हीच शिकवलंत.

मादी आहे. म्हातारी.
मागच्या उजव्या पायाला
एक बोट कमी.
कात्री तुमची होती,
पिशवी मी धरली होती.

लिहा वहीत काय लिहायचं ते.
मी उजेड विझवतो.
तिने आपल्याला ओळखायच्या आत
खाली उतरू.