दर दोन तासांनी

तासगावात वडिलांना भूपाल ऑपरेटर म्हणत.
मे महिन्यात, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असताना
ते कानटोपी घालून कोल्ड स्टोरेजला निघत
आणि गल्लीतली पोरं हसत. मीही.

दर दोन तासांनी रजिस्टरात एक आकडा.
चेंबर तीन, चार अंश.
चेंबर पाच, साडेतीन.
बेदाणा, सावळजचा, पेट्या नऊशे.
त्यांच्या शर्टाला अमोनियाचा वास यायचा,
मला थंडीचा वास म्हणजे तोच.

म्हणून पहिल्यांदा फियॉर्डच्या काठावर उतरले
तेव्हा नाक शोधत राहिलं.
वास नाही, कंप्रेसरची घरघर नाही.
एवढी थंडी,
आणि ती चालवणारं कुणीच नव्हतं.

त्या एप्रिलात बर्फावरून चालत गेले,
गिरमिटाने भोक पाडलं, दोर सोडला,
चाळीस मीटरवरचा आकडा लिहिला: उणे एक पूर्णांक आठ.
यंदाच्या एप्रिलात त्याच जागी
होडीने गेले.
उणेची रेघ ओढायला उचललेलं पेन
तसंच वर राहिलं थोडा वेळ.

फोनवर सांगितलं तर म्हणाले,
"दार कुनी उघडं टाकलं?"
मी हसले.
ते हसले नाहीत.

दस्तगीर हमालाने एकदा टाकलं होतं, चेंबर पाचचं,
रात्रभर. त्याची बायको दवाखान्यात होती.
पहाटे मालक म्हणाले, चार लिही, कोण बघतंय.
वडिलांनी अकरा लिहिले.
खाली सही, सहीखाली रेघ.
दिवाळीला बोनस आला नाही,
आईने करंज्या निम्म्या केल्या
आणि त्यावर कधी काही बोलली नाही.

आता तिथे पडद्यावर आकडे आपले आपण बदलतात.
रजिस्टर ट्रंकेत होतं, मागची साठेक पानं कोरी.
"घेऊन जा," म्हणाले, "कागद जाड आहे,
भिजला तरी शाई धरतो."

तो खरंच धरतो.
छापील रकाने आहेत तेच आहेत:
तारीख, वेळ, चेंबर, माल, मालकाचे नाव, तापमान.
माल या रकान्यात मी 'पाणी' लिहिते.
मालकाच्या नावापाशी दरवेळी थांबते,
मग तो रकाना सोडून
पुढचा भरते.