म्हणे

विट्यात, एसटी स्टँडच्या मागं, अभ्यासिका.
खुर्ची एकोणीस. पंखा खटखटतो.
उतारा तिसरा, पाच प्रश्न, सात मिनिटं.

एका गावात धरण आलं, त्याची हकिकत.
लेखक आकडे देतो: इतके हेक्टर, इतके मेगावॅट,
उताऱ्यातच साखरेचा उतारा, दोन दशांश स्थळांपर्यंत.
स्वतः कर्मणी प्रयोगाच्या आडोशाला:
'उभारण्यात आले', 'हलवण्यात आले', 'देण्यात आले'.
कुणी हलवलं, विचारू नका.

प्रश्न चौदा. लेखकाचा दृष्टिकोन कोणता?
एक, समर्थनाचा. दोन, विरोधाचा.
तीन, तटस्थ. चार, वरीलपैकी नाही.

आधी मी एकवर टेकले. मग तीनवर.
देसावळे सर सांगतात, विशेषणं शोधा,
विशेषण नाही तिथं मत नाही.
एकही नव्हतं.

चौथ्या वाचनात, शेवटून दुसऱ्या ओळीत,
चपलेत खडा यावा तसा शब्द टोचला:
'विस्थापितांना नव्या वसाहतीत करमते, म्हणे.'

म्हणे.
दोन अक्षरं.
एवढ्या हेक्टरांखाली दबलेला माणूस
तिथं एकदाच डोळे वर करतो
आणि पुन्हा खाली घालतो.

मी दोनचा गोल काळा केला.

उत्तरतालिकेत तीन.
हरकत घ्यायची तर प्रश्नामागे शंभर रुपये,
शिवाय पुरावा, प्रमाणित ग्रंथातला, पानाच्या झेरॉक्ससह.
'म्हणे'चा पुरावा कुठल्या पानावर असतो?
सर हसले. अगं, अव्यय आहे ते. सोड.

अण्णा गलाईवर, कोइमतूरला, सोळा वर्षं.
सराफांच्या दुकानातली झाडलोट विकत घेतात,
धूळ, केस, विडीची थोटकं,
सगळं भट्टीत घालतात
आणि तळाशी मुगाएवढं सोनं उरतं.
एकदा फोनवर म्हणाले, आधी दिसत नसतंय काही.
धूळ हातात घेतली की जड लागती, एवढंच.

रात्री घरी. आई चुलीपाशी, पाठमोरी.
'दिवाळीला येणारेत, म्हणे.'

तव्यावर भाकरी फुगली.
ती उलटायची थांबली, मग उलटली.
एका बाजूला करपलेला डाग.

मी काही विचारलं नाही.
उद्या तिच्याकडं शंभर रुपये मागायचेत,
आणि कशासाठी, तेही सांगावं लागेल.