खुंटी क्रमांक चौदा

ग्रंथालयाच्या तळघरात, महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
आमचं पर्यावरण सल्लागार मंडळ भरतं.
सात खुर्च्या, आणि ओल शोषणारं एक यंत्र.
त्याची घरघर वाढली की बोलणारे आवाज चढवतात,
मग सगळ्यांना वाटतं भांडण सुरू झालं.
कधीकधी झालेलंही असतं.

मी इतिवृत्त लिहिते. एकोणीस वर्षं.
मला मत नाही, म्हणजे मताचा अधिकार नाही.
मंडळालाही फक्त सल्ल्याचाच आहे.
आम्ही सल्ला देतो, नगरपरिषद आभार मानते,
आभाराचं पत्रही मीच टाइप करते.

आज विषय एकच:
जुन्या बांधाबाहेरचं खाजण, त्यावर अठ्ठेचाळीस घरं.
'परवडणारी', नकाशावर ठळक छापलेलं.

ओदेत थिबोदो उठली. म्हणाली,
फंडीच्या आखाताची भरती ते गवत पितं.
गवत पुरलंत तर कोण पिणार? तुमची तळघरं?
तिच्या आलेखातली रेघ अशी चढत होती
की फळा संपून भिंतीवर जाईल.

अँसेल क्रोवेल बसूनच बोलला.
बांध माझ्या आजोबांनी घातला, खाजण माझं.
माझा गुडघा गेला, माझं खाजणही चाललं,
दोन्हीतलं एकच विकता येतं.

मग रोवेना, वृद्धाश्रमातली, मनिलाहून आलेली,
मंडळावर चौथाच महिना.
माझ्याबरोबर रात्रपाळी करणाऱ्या तिघी गाडीत झोपतात.
जानेवारीतसुद्धा.
पन्नास वर्षांनी पाणी कुठे असेल ते कळलं.
त्या उद्या कुठे असतील?

यंत्राची घरघर.
मी लिहिलं: चर्चा झाली.
फार सोयीचे शब्द आहेत हे दोन.
त्यांच्यात अख्खा जानेवारी मावतो.

मतं पडली. तीन, तीन.
अध्यक्ष हॉलिस चष्मा पुसत राहिला,
काचा केव्हाच स्वच्छ झाल्या होत्या.

ओदेतनं कोट घातला.
आज उधाण आहे, नऊ दहाला पूर्ण भरती. चला.
असा प्रस्ताव नियमात बसत नाही, हॉलिस म्हणाला,
आणि स्वतःचा टॉर्च शोधू लागला.

बांधावर वारा नव्हता.
बिल्डरचा तरुण अभियंता, कीगन, नवे बूट सांभाळत मागून.
खाली काळोखात मोजणीच्या खुंट्या,
प्रत्येकीला नारिंगी फीत.
लाटबिट काही नाही. पाणी नुसतं
गवताच्या मुळाशी होतं, मग कंबरेशी,
मग गवत नव्हतं.
अकरा, बारा, तेरा. फिती तरंगू लागल्या.
चौदावीशी येऊन पाणी थांबलं,
दार वाजवावं की नाही अशा विचारात.

अँसेल आणि ओदेत शाळेपासून एकमेकांना पाण्यात पाहतात,
गावात कुणालाही विचारा.
टॉर्च खाली केला तेव्हा दोघांचे चेहरे पायाशी उमटले,
आणि दोघंही बघत राहिले, खरोखरच.
आजोबांच्या वेळी नव्हतं इथवर येत, अँसेल म्हणाला.
कुणाला उद्देशून, ते कळलं नाही.

रोवेनानं पाठ फिरवून चढाकडे बोट केलं.
चर्चमागचा तो वाहनतळ. आठवडाभर रिकामा असतो. कुणाचा आहे?
कुणी बोललं नाही.
हॉलिस चर्चचा विश्वस्त. त्याला खोकला आला,
बराच वेळ पुरला.

सगळे वळले. मी वही काखेत धरून रेंगाळले.
कुणी पाहत नाहीसं वाटून कीगननं
चौदावी खुंटी उपटली,
चार पावलं मागे नेऊन ठोकली.
उभा राहिला. घड्याळ पाहिलं, पाणी पाहिलं.
पुन्हा उपटली,
आणि एक पाऊल पुढे आणली.

सभा तहकूब, नऊ पंचवीस.
एवढं लिहिलंय.
खुंटीचं कुठल्या मुद्द्याखाली घालायचं
ते अजून ठरत नाही.