माल मिळाला

फाटकावरच्या मनगटपट्ट्या दुपारी दोनलाच संपल्या
म्हणून ओजस ढमढेरेने मामाच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसातून शिक्का मागवला,
आणि म्हाळुंग्याच्या पुढे, ऊस तोडून नेलेल्या त्या रानात
शिरणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर
जांभळ्या शाईत उमटत गेलं:
माल मिळाला.
खाली तारीख. महिना फेब्रुवारी,
शिक्क्यातला नोव्हेंबर कुणी फिरवलाच नव्हता.

आमची वेळ पावणेपाचची.
पावणेपाचला स्टेजवर एक माणूस बांबूला सुंभ बांधत होता
आणि त्याला कसलीच घाई नव्हती.

पार्किंग म्हणजे उसाचे बुडखे.
अंधार पडेस्तोवर सात गाड्या पंक्चर.
पंक्चरवाला तेवढा वेळेवर आलेला.

टँकर सहाला आला. पोरं रिकाम्या बाटल्या घेऊन धावली.
ड्रायव्हर म्हणाला, हे प्यायचं नाही,
धूळ बसवायला सांगितलंय.
आणि त्याने बसवली, आमच्या बुटांवर.

साडेसातपासून ओजसचा फोन बंद.
त्याचं वय बावीस. त्याच्यावर रागवावं
तर माझ्या धाकट्या भावासारखा दिसतो,
कोपरं बाहेर काढून चालतो तसाच.
स्टेजमागे ताडपत्रीवर बसला होता,
कागदावर बँडची नावं खोडत, पुन्हा लिहीत,
आमचं नाव तीन ठिकाणी, तिन्ही वेळा चुकीचं.

आम्ही पाच जण. भोसरी, चिंचवड, दापोडी.
दोघांना सोमवारी पहिली पाळी.
कैवल्यने ड्रमच्या काठ्या मोज्यात खोचल्या होत्या,
दर पंधरा मिनिटांनी काढायचा,
मांडीवर वाजवायचा, परत खोचायचा.

नऊ चाळीसला जनरेटर थांबला.
बिघाड नव्हे. इक्बालभाईंनी हाताने बंद केला,
रुमालाला हात पुसले, म्हणाले,
ॲडव्हान्स नाही, तर डिझेल नाही.

अंधारात पाचसहाशे माणसं.
कुणी शिवी दिली, कुणी मोबाइलचा उजेड वर धरला,
मग कुणीतरी, बहुतेक ती नाकात रिंग घातलेली मुलगी,
खिशातली न वापरलेली जेवणाची कूपनं काढून
इक्बालभाईंपुढे धरली.
त्यांनी ती बॅटरीखाली उलटसुलट पाहिली.
पावभाजी शिल्लक आहे का?
आहे.
मग अकरा कूपनांची वीज आम्हाला मिळाली.

स्पीकर कुठल्याशा मंडळाचे होते.
नाव खरवडलेलं, पण नीट नाही.
मी सगळ्यांत जाड तार छेडली
आणि काळ्या जाळीतून भसकन गुलाल उडाला,
गेल्या मिरवणुकीचा, कोपऱ्यात दडून बसलेला.
पुढच्या रांगेतली पोरं खोकली, मग ओरडली,
मग त्यांना वाटलं हे आम्हीच ठरवून केलंय,
आणि मी तो समज काही खोडला नाही.

एक गाणं. दुसरं अर्धं.
पोलिसांची गाडी बांधावर येऊन उभी होती,
हवालदार घड्याळाकडे बघत,
दुसऱ्या हाताची बोटं बॉनेटवर,
वाजवत नव्हता, नुसती ठेवलेली,
कदाचित थरथर मोजत.
दहा वाजून तीन मिनिटांनी त्याने शिट्टी मारली.
ती नेमकी आमच्या सुरात होती.

रानाचे मालक सदूतात्या पाडाळे
घरून आणलेल्या खुर्चीवर, मफलर गुंडाळून,
अगदी पुढे, चार वाजल्यापासून.
जाताना मला म्हणाले, बाई,
गाण्याचं काय कळलं नाही,
पण बुडखे सैल झाले असतील.
उद्या नांगराला बरं पडेल.

पैसे? विचारू नका.
ओजसने दोन पाव दिले, कागदात गुंडाळून.

सोमवारी पतसंस्थेत चेक मोजताना
खातेदार कुंभोजकर माझ्या मनगटाकडे बघत राहिले.
साबण, खोबरेल, लिंबू, सगळं झालं होतं.
कानात अजून शिट्टी होती, बारीक.
केसांच्या मुळाशी गुलाल.
कसला माल, त्यांनी विचारलं.
मी बाही खाली ओढली
आणि त्यांच्या पासबुकावर
आजची तारीख नीट बघून
शिक्का मारला.