सत्ताविसावी पायरी

अथणीच्या पुढं बस सोडली, उन्हात रस्ता पांढराफटक.
तळं कुठं, विचारलं.
‘केरी अल्लेऽ ऐत्री,’
पंक्चरवाल्यानं पान्यानं दाखवलं
बाभळींच्या मागं.

रायप्पा हुद्दार पाण्याचा राखणदार.
पाणी थोडं, राखण जुनी.
सालं तो पायऱ्यांनी मोजतो:
‘माझ्या लग्नात सहा उघड्या होत्या बघा,
थोरली झाली तवा अकरा.
यंदा मोजूच नका.’

मी मोजत उतरलो.
चुना, शेवाळाची वाळकी पापडी,
एक प्लास्टिकची चप्पल,
आणि सत्ताविसाव्या पायरीवर
छिन्नीनं कोरलेला नवकंकरीचा पट.

राजाचं नाव वरच्या शिळेवर आहे,
तेही अर्धं पुसलेलं.
हा पट खणणाऱ्यांचा.
भाकरी खाऊन, टोपली उपडी टाकून
घटकाभर खेळले असतील,
मग पाणी आलं.

आम्हीही खडे वेचले. त्याचे काळे, माझे विटकरी.
तो कन्नडमध्ये हिशेब करी,
मी मराठीत चुकत गेलो.
साडेपाचच्या बसचा हॉर्न आला.

‘चाल तुमची ऱ्हायली,’ म्हणाला,
खडे तसेच ठेवून, वर बघत.
आभाळात काहीच नव्हतं.
‘बुडू द्या की.’