स्मरणिकेसाठी दोन पानं

खजिनदार म्हणाले, दोन पानांत बसवा,
तिसऱ्यावर इन्व्हर्टरवाल्याची जाहिरात आहे.

तर, रामबाग रग्बी मंडळ, इंदूर.
स्थापना त्र्याहत्तरची, नोंदणी शहात्तरची.
मधली तीन वर्षं कायद्याच्या लेखी आम्ही नव्हतोच,
तरी हरलेल्या सामन्यांचे आकडे आहेत.

चेंडू महूहून आला.
वैशंपायन तिथे लष्करी भांडारात कारकून.
‘बाद, नग एक’ असं रजिस्टरात लिहून
डब्याच्या पिशवीतून, मीटरगेजने,
त्यांनी तो घरी आणला.
वहिनींनी बोटाने दाबून पाहिला:
कोहळा आणलात, तो इतका निबर?

नियमांचं पुस्तक बरोबर आलं नव्हतं.
कुंपणाबाहेरून दिसला तेवढाच खेळ:
पळायचं पुढे, द्यायचा मागे.
गेंदालाल आखाड्यातून आलेला, नावातच चेंडू,
त्याला हे पटेना.
“मागे कशाला, भिया?
समोर माणूस मोकळा उभा आहे ना!”
बरेच दिवस तो समोरच देत राहिला.
हरकत कोण घेणार?
पंचसुद्धा कुंपणाबाहेरूनच शिकलेला.

खांब गणपतीच्या मांडवाचे,
म्हणून भाद्रपदात खेळ बंद.
मिलच्या झांक्या निघून गेल्या
की दुसऱ्या दिवशी बांबू खांद्यावर परत,
टोकाला झिरमिळ्या तशाच.
एका फोटोत चेंडू त्यांना घासून जातोय.
आत गेला की बाहेर,
यावर दोघे अजून बोलत नाहीत.

जर्सीला मिलचं दुय्यम कापड,
शिवण रशीदमास्तरांची,
रंग टिल्लूंच्या मोरीत दिलेला. कच्चा.
स्क्रम सुटेपर्यंत
महूचे जवानही आमच्याच रंगाचे,
आणि पंच शिट्टी दातांत धरून
नुसता उभा.
तो सामना आम्ही हरलो नाही. बरोबरी.
वहीत त्याखाली दोन रेघा आहेत.

मग एक पान:
‘उपस्थित चार. गणपूर्ती नाही. सभा तहकूब.’
तारीख पाहिली. मिलचा भोंगा थांबला, तो महिना.
पुढे आठ वर्षं खेळाची ओळ नाही,
फक्त दर मार्चला थकबाकी उतरवलेली:
गेंदालाल चौदा रुपये,
गेंदालाल सव्वीस रुपये,
आणि तो तेव्हा सियागंजात पोती वाहत होता.
चिटणीस कोण, कळत नाही. अक्षर बारीक, डावीकडे कललेलं.
नाव मात्र त्याने एकाचंही कापलं नाही.

(हे स्मरणिकेत घालावं की नाही, विचारायचं राहिलं.)

मुली आल्या खो-खोतून.
‘मुलींच्या हाफ पॅन्टबाबत निर्णय पुढील सभेत.’
पुढील सभेतही तेच. तिच्या पुढच्याही.
चौथ्या सभेला तनुजा काळुंखे स्वतःच आली,
गुडघ्यावर माती, हातात भोपाळचा कप,
आणि त्याच कपातून माठातलं पाणी प्यायली.
विषय वहीत पुन्हा दिसत नाही.

काल गेंदालालकडे गेलो, फक्त तारीख पक्की करायला.
म्हणाला, त्र्याहत्तर कसलं? एकाहत्तर!
लढाई चालू होती, दिवे बंद,
मैदानावर हात हाताला दिसेना.
समोर कोण आहे, काय माहीत!
मागून मात्र पळता पळता
कोणीतरी सांगत असायचं, आहे.
डावीकडून टिल्लू, आहे. रशीद, आहे.
“तेव्हा समजलं रे, मागे का देतात ते.”

मग बराच वेळ त्याने खाटेची सुतळी ताणून बसवली.

घरी येऊन त्र्याहत्तर खोडलं.
बॅनर छापून आलाय. तो राहू दे.